गोंद की स्क्रू?

दुरुस्तीच्या दुकानात रोज ऐकू येणारे एक वाक्य आहे : “फोन उत्तम आहे, फक्त बॅटरी टिकत नाही.” चार वर्षांपूर्वी घेतलेला फोन असतो. काच शाबूत, कॅमेरा स्वच्छ, आवाज स्पष्ट. आजोबांनी चातुर्मासात ध्वनिमुद्रित केलेली प्रवचने त्यात असतात, पेढीच्या येण्या-देण्याचे अर्धे निरोप त्यात असतात, नातवंडांची छायाचित्रे असतात. केवळ सकाळी भरलेली बॅटरी दुपारच्या जेवणापर्यंतही पुरत नाही. दुकानदार फोन हातात घेतो, उलटसुलट करून पाहतो आणि म्हणतो, “उघडावा लागेल. उघडताना काच गेली, तर जबाबदारी आमची नाही.” घरची माणसे एकमेकांकडे पाहतात. थोड्याच वेळात त्याच दुकानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात नव्या फोनच्या मासिक हप्त्याची चौकशी सुरू होते.

या प्रसंगात कोणीही खोटे बोललेले नसते. दुकानदाराची भीती खरी असते आणि गिऱ्हाइकाची अडचणही खरी असते. प्रश्न असा, की एवढीशी बॅटरी बदलण्यात काच फुटण्याची भीती मुळात यावीच का?

लिथियम-आयन बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे. शेकडो वेळा भरली आणि रिकामी झाली, की तिची साठवण्याची शक्ती उतरते. तो दोष नव्हे, तो तिच्या रसायनाचा स्वभावच होय. सायकलचे टायर झिजतात, समईतील वात जळते, तसेच हे. परंतु टायर चाकाला कायमचे चिकटवून टाकण्याचे धाडस कोणत्याही सायकलवाल्याने केले नाही. फोनच्या बाबतीत मात्र नेमके तेच झाले, आणि ग्राहकाच्या ते लक्षात येईपर्यंत काही वर्षे उलटून गेली.

आजचा सर्वसाधारण फोन उघडताना काय घडते, ते एकदा शांतपणे पाहण्यासारखे आहे. प्रथम फोन बंद केला जातो. जाणता कारागीर बॅटरी बरीचशी उतरलेली असल्याची खात्री करून घेतो, कारण भरलेल्या बॅटरीला चुकून छिद्र पडले तर ती पेट घेऊ शकते. मग पाठीमागच्या काचेच्या कडा गरम केल्या जातात. आतील गोंद मऊ झाला, की रबरी चोषक लावून काच किंचित उचलली जाते आणि त्या केसाएवढ्या फटीत प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवली जाते. ही पट्टी फोनच्या चारही बाजूंनी फिरवावी लागते. घाई केली की काच तडकते; पट्टी जास्त खोल गेली की आतली रिबन, म्हणजे कागदासारखी पातळ तारांची पट्टी, तुटते. काच निघाल्यावर स्क्रू दिसतात. दहा-पंधरा स्क्रू, त्यांतही दोन-तीन लांबींचे. एखादा लांब स्क्रू आखूडाच्या जागी पिळला गेला, तर तो खालच्या मदरबोर्डला भोक पाडू शकतो. म्हणूनच चांगले कारागीर टेबलावर कागद पसरून त्यावर फोनचा आराखडा काढतात आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेवर ठेवतात. ही शिस्त कोणत्याही शाळेत शिकवली जात नाही.

स्क्रूंखालच्या धातूच्या झाकण्या काढल्या, जोडण्या सोडवल्या, की अखेरीस बॅटरी दिसते. आणि तीही चिकटवलेली! काही फोनांत तिच्याखाली ओढून काढण्याच्या पट्ट्या असतात. त्या हळूहळू, सपाट ओढल्या तर सबंध निघतात. मध्येच तुटल्या तर पुन्हा उष्णता, पुन्हा पट्टी, आणि बॅटरी वाकू न देण्याची कसरत. एका झिजलेल्या भागाला हात पोहोचेपर्यंत चांगल्या स्थितीतील पाच-सहा भागांचा जीव टांगणीला लागतो. फोनची दुरुस्तीयोग्यता मोजायची ती इथेच. सर्वांत आधी बिघडणारी वस्तू सर्वांत वर असावी आणि तिच्यापर्यंतचा मार्ग पुन्हा जुळवता येईल असा असावा, इतकी साधी ही कसोटी आहे.

पूर्वी असे नव्हते. २००३ मध्ये आलेला नोकिया ११०० ज्यांच्या घरात होता, त्यांना पाठीमागचे झाकण अंगठ्याने सरकवल्याचे आठवत असेल. आत बीएल-५सी नावाची बॅटरी असे. तीच बॅटरी त्या कंपनीच्या कितीतरी फोनांना चालत असे, त्यामुळे तालुक्याच्या गावातील लहान दुकानदारही ती निर्धास्तपणे मालात ठेवू शकत असे. आज नाही तर उद्या ती खपणारच. आज प्रत्येक फोनची बॅटरी निराळ्या मापाची, निराळ्या जोडणीची. दुकानदाराने किती प्रकार ठेवावेत? दोन वर्षांत पडून राहणाऱ्या मालाचे ओझे किती सोसावे? व्यापारी घरातील माणसाला हे गणित वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सुट्या भागांची टंचाई अनेकदा फोनच्या आराखड्यातच लिहिलेली असते.

गोंदाच्या बाजूनेही एक युक्तिवाद आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. गोंदामुळे पाणी व धूळ आत जात नाही, फोन सडपातळ होतो, पडल्यावर आतले भाग हलत नाहीत. पावसाळ्यात खिशात फोन भिजणाऱ्या माणसाला हा लाभ खोटा वाटणार नाही. तथापि २०१४ मध्ये आलेल्या सॅमसंग गॅलॅक्सी एस ५ या फोनला पाण्यापासून संरक्षण होते आणि त्याचे झाकण नखाने उघडून बॅटरी हाताने बदलताही येत होती. झाकणाच्या आत रबराची एक कड बसवलेली होती, एवढेच. पुढच्याच वर्षीच्या एस ६ मध्ये काचेची पाठ आली, झाकण बंद झाले. फोन अधिक देखणा झाला, यात शंका नाही. पण पाणी रोखण्याचा दुसरा मार्गच नव्हता, असे मात्र म्हणता येत नाही.

फोन उघडून त्याला गुण देण्याची प्रथा ज्यांनी रूढ केली, ती आयफिक्सिट ही अमेरिकेतील संस्था २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील दोन विद्यार्थ्यांनी सुरू केली. काइल विन्स आणि ल्यूक सोल्स ही त्यांची नावे. बिघडलेला लॅपटॉप दुरुस्त करायला घ्यावा, तर त्याची दुरुस्ती-पुस्तिका कुठे मिळेना. तेव्हा स्वतःच उघडून, टप्प्याटप्प्याने छायाचित्रे काढून त्यांनी पुस्तिका तयार केली. नवा फोन बाजारात आला की तो विकत घेऊन त्याचे सर्व भाग सुटे करायचे आणि दहापैकी गुण द्यायचे, हा पुढे त्यांचा क्रमच झाला. व्यवसाय म्हणून ते सुटे भाग आणि हत्यारे विकतात, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. निःस्वार्थ परीक्षक ते नव्हेत. परंतु त्यांची परीक्षा उघड्या टेबलावर होते आणि कोणीही ती पडताळून पाहू शकतो.

त्यांच्याकडून २०१५ मध्ये दहापैकी दहा गुण मिळवणारा फोन नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅमचा होता : फेअरफोन २. त्यामागील चळवळीची सुरुवात दुरुस्तीपासून झालीच नव्हती. फोनमध्ये वापरली जाणारी खनिजे काँगोसारख्या देशांत कोणत्या परिस्थितीत काढली जातात, त्या पैशावर कोणती युद्धे चालतात, हा प्रश्न घेऊन काही मंडळी उभी राहिली आणि २०१३ मध्ये त्यांनी कंपनी काढली. खनिज स्वच्छ मार्गाने मिळवण्याचा प्रयत्न करता करता त्यांच्या लक्षात आले, की फोन दुप्पट वर्षे टिकला तर खाणीतून काढाव्या लागणाऱ्या मालाची गरजच कमी होते. मग त्यांनी फोन असा बांधला, की मागचे आवरण हाताने निघावे, बॅटरी हाताने निघावी आणि डिस्प्ले दोन खिट्या सरकवल्या की सुटा व्हावा. पुढच्या फेअरफोन ३ बरोबर तर खोक्यातच लहानसा स्क्रूड्रायव्हर दिला होता. हा फोन मुख्यतः युरोपात विकला जातो, तुलनेने महाग पडतो आणि त्याचा कॅमेरा त्याच किमतीच्या इतर फोनांच्या मागे राहिला, अशी टीकाही झाली. तरीही दुरुस्त होणारा फोन बांधता येतच नाही, हे विधान त्यानंतर कोणालाही करता आले नाही.

फेअरफोन २ च्या कथेत एक अडथळा मात्र असा आला, की जो कोणत्याही स्क्रूड्रायव्हरने दूर होणारा नव्हता. त्यातील मुख्य चिप बनवणाऱ्या कंपनीने काही काळाने त्या चिपसाठी अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांना आधार देणे थांबवले. शरीर ठणठणीत, पण सुरक्षेची अद्ययावत प्रणाली मिळणार नाही. आणि अशा फोनवर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे. कंपनीने स्वतःच ते काम अंगावर घेतले आणि २०२३ पर्यंत, म्हणजे सुमारे सात वर्षे, तो फोन चालता ठेवला. दुरुस्तीयोग्यतेत सॉफ्टवेअरही मोजावे लागते, हा धडा तिथे मिळाला.

त्याचे दुसरे रूप अधिक विचार करायला लावणारे आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये ॲपलचा आयफोन १४ उघडला गेला, तेव्हा परीक्षक खूश झाले. आतली रचना नव्याने मांडली होती. फोन पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंनी उघडत होता. पाठीची काच फुटली तर ती स्वतंत्रपणे बदलता येत होती. त्याला दहापैकी सात गुण मिळाले. वर्षभराने तेच गुण चारवर आणण्यात आले. फोन तोच होता, स्क्रूही तेच होते. या वर्षात दुरुस्ती करणाऱ्यांचा अनुभव पुढे आला होता, की अस्सल भाग अचूक बसवला, तरी कंपनीच्या यंत्रणेकडून त्या भागाची त्या विशिष्ट फोनशी ओळख करून दिल्याशिवाय इशारे झळकतात किंवा काही सोयी बंद पडतात. एका आयफोनमधून काढलेला चांगला भाग दुसऱ्या तशाच आयफोनमध्ये पूर्णपणे स्वीकारला जात नव्हता. कंपनीचे म्हणणे असे, की चेहरा व बोटांचे ठसे ओळखणाऱ्या भागांच्या सुरक्षेसाठी हे आवश्यक आहे, आणि चोरलेल्या फोनांचे भाग विकले जाऊ नयेत म्हणूनही. या म्हणण्यात तथ्य आहे. पण बॅटरीला कोणाचा चेहरा ओळखायचा असतो?

अमेरिकेतील ऑरेगन राज्याने मार्च २०२४ मध्ये भागांना असे कुलूप घालण्यावर निर्बंध आणणारा कायदा केला. त्यानंतरच्याच महिन्यात ॲपलने नव्या काही आयफोनांत वापरलेले अस्सल भाग चालू देण्याची घोषणा केली. त्याच वर्षीच्या आयफोन १६ मध्ये बॅटरीखाली असा गोंद आला, की त्यातून थोडा वेळ विजेचा सौम्य प्रवाह सोडला की तो आपली पकड सोडतो. नऊ व्होल्टची साधी बॅटरी लावली तरी दीड मिनिटाच्या आसपास काम होते. इतकी वर्षे उष्णता, चोषक आणि पट्टी यांच्याशी झुंजलेल्या कारागिराने हे पाहिले, तर त्याला आनंद अधिक होईल की राग, हे सांगणे कठीण आहे.

युरोपने आणखी पुढचे पाऊल टाकले. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून फोनच्या शेजारी दहापैकी दुरुस्ती-गुण लिहिणे सक्तीचे झाले. त्यात सुट्या भागाची किंमत मूळ वस्तूच्या तुलनेत किती, हाही एक निकष होता. तो निकष ज्याने सुचवला, तो बाजार ओळखणारा असला पाहिजे. कारण भाग मिळतो, पण निम्म्या फोनच्या किमतीला मिळतो, अशी स्थिती असेल तर तो न मिळाल्यासारखाच. २० जून २०२५ पासून तर सबंध युरोपीय संघात नव्या फोनवर ए ते ई अशी दुरुस्तीची श्रेणी छापावी लागते. तिच्या मोजणीत एक चतुर्थांश वजन एकाच गोष्टीला आहे : महत्त्वाच्या भागापर्यंत पोहोचण्यासाठी किती टप्पे लागतात. उरलेले वजन स्क्रू-गोंद, हत्यारे, सुटे भाग, सॉफ्टवेअर आणि माहिती यांत वाटलेले आहे. फोनची विक्री थांबल्यावरही सात वर्षे सुटे भाग उपलब्ध ठेवण्याचे बंधनही त्याच नियमांत आले.

आता हा विषय श्रावकाच्या घरात कुठे बसतो, ते पाहू. अनर्थदंडविरमण हे श्रावकाच्या बारा व्रतांपैकी एक. गृहस्थाच्या हातून हिंसा पूर्णपणे टळत नाही, हे शास्त्रकारांनी जाणले होते. म्हणून प्रयोजनासाठी घडणारी आणि निष्प्रयोजन घडणारी, असा भेद त्यांनी केला. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले. त्यांतील प्रमादचर्या म्हणजे कारणाशिवाय पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू यांना उपद्रव देणारी बेफिकीर वागणूक. खाणीतील धातू आणि खनिजे यांना जैन जीवविचार पृथ्वीकायात मोजतो, हे पाठशाळेतील मुलालाही ठाऊक असते. मातीत नांगर घालताना ज्याला विचार करायला सांगितले, त्या माणसाच्या खिशातील वस्तूत तांबे, सोने, लिथियम, कोबाल्ट आणि कितीतरी धातू आहेत. त्यांचा मोठा भाग जमिनीच्या पोटातून उपसून, दळून, आम्लात धुऊन काढलेला असतो. फोनमुळे निसर्गावर पडणाऱ्या भाराचा बराच मोठा वाटा तो वापरताना नव्हे, बनवतानाच पडतो.

गरजेसाठी घेतलेला फोन हा गृहस्थाचा अर्थदंड म्हणता येईल. परंतु बॅटरी गोंदात अडकली म्हणून घेतलेला दुसरा फोन? त्याला प्रयोजन कोणते? आणि तो दोष कोणाच्या खात्यावर मांडायचा : आराखडा करणाऱ्याच्या, विकणाऱ्याच्या, की घेणाऱ्याच्या? कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्ही वाटांनी कर्म बांधले जाते, असे मानणाऱ्या समाजाला एकाकडे बोट दाखवून मोकळे होता येत नाही.

मोबाइलच्या व्यापारात असलेल्या कुटुंबांची अडचण इथे प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. नवा फोन विकला गेला तर गल्ला भरतो. जुना दुरुस्त झाला तर एक विक्री गेली, असा सरळ हिशेब दिसतो. पण तो पुरता नाही. हँडसेटच्या विक्रीत ऑनलाइन बाजाराशी स्पर्धा करता करता लहान दुकानदाराच्या हाती फारसे उरत नाही. दुरुस्तीत मात्र हात आणि विश्वास यांची किंमत मिळते. ती कोणत्याही गोदामातून घरपोच होत नाही. चांगला कारागीर सांभाळणारे दुकान गिऱ्हाईकही सांभाळते. बॅटरी बदलून दिलेला माणूस दोन वर्षांनी नवा फोन घ्यायला त्याच उंबऱ्यावर येतो, आणि येताना मेहुण्यालाही घेऊन येतो. बनावट बॅटरी बसवून देणारा मात्र पुन्हा त्याचे तोंड पाहत नाही. या धंद्याची पत नकली भागांनी जितकी घालवली, तितकी गोंदाने घालवलेली नाही.

भारतातही काही हालचाल झाली आहे. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले. तिथे कंपन्यांच्या दुरुस्ती-पुस्तिका, हमीच्या अटी आणि सेवाकेंद्रे यांची माहिती एकत्र मिळावी, असा हेतू आहे. फोन व इतर विद्युत उपकरणांना दुरुस्ती-गुण कसे द्यावेत, याचा आराखडा एका समितीने मे २०२५ मध्ये विभागाला सादर केला. विक्रीच्या ठिकाणी, ऑनलाइन दुकानात आणि खोक्यावरील क्यूआर कोडमध्ये हे गुण दिसावेत, अशी त्यात शिफारस आहे. दुकानाच्या काचेत फोनच्या किमतीशेजारी आणखी एक आकडा दिसू लागला, तर गिऱ्हाईक काय विचारील आणि काउंटरमागचा मुलगा काय उत्तर देईल, याची तयारी आधीच केलेली बरी.

तोवर हा आकडा छापलेला नसला, तरी प्रश्न विचारायला कोणाची आडकाठी नाही. या फोनची अस्सल बॅटरी कितीला मिळते? बाजारात ज्याला फोल्डर म्हणतात, तो काच व डिस्प्लेचा जोड कितीला, आणि किती दिवसांत? सुरक्षेची अद्ययावत प्रणाली किती वर्षे मिळणार? फोन घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल तोंडपाठ असणाऱ्या घरातील तरुणाने हे तीन आकडेही एखाद्या चिठ्ठीवर लिहून नेले, तर दोन फोनांतली निवड कित्येकदा उलटी होईल.

राहता राहिला तो कपाटाच्या खणातील जुना फोन. बहुतेक घरांत असा एक तरी असतोच, कधी दोन-तीनही. २०२२ या एका वर्षात जगात सहा कोटी वीस लाख टन विद्युत कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२.३ टक्क्यांचीच रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. खणातले फोन या मोजणीत अजून धरलेलेच नाहीत. त्या फोनची पाठ फुगलेली दिसली, तर तो चार्जिंगला लावू नये, दाबू नये, घरी उघडून पाहू नये आणि घंटागाडीत तर मुळीच टाकू नये. आधी जाणत्या कारागिराकडून बॅटरी काढून घ्यावी, तिच्या जोडणीवर चिकटपट्टी लावावी आणि ती विद्युत कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावी. पाठ सपाट असेल, तर मात्र फोन टाकून देण्याआधी एकदा दुरुस्तीच्या टेबलावर नेऊन पाहावा. आजोबांची प्रवचने अजून त्यातच आहेत.